हुकमाचे पान कधी टाकावे?

दिवाळीच्या सुट्टीत धाराशिवच्या बाजारपेठेतील घरे पुन्हा भरतात. पुण्याला शिकणारी नातवंडे, सोलापूरला दिलेली लेक, तिची मुले असे सारे चार दिवसांसाठी एका छपराखाली येतात. वहीपूजन झालेले असते, सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात आणि पुढची संध्याकाळ मोठी वाटू लागते. पूर्वी अशा वेळी माजघरात सतरंजी पडे व मेंढीकोटाचा किंवा तीनशे चारचा डाव रंगे. आता त्याच सतरंजीवर नातवंडे वेगळाच कॅट पिसताना दिसतात.

असेच एक घर डोळ्यांपुढे आणावे. आजोबांनी चाळीस वर्षे आडत सांभाळली; आता गादी मुलाकडे आहे. सतरंजीवर चौघे बसले आहेत: थोरला नातू, धाकटा नातू, सोलापूरची आतेबहीण आणि शेजारच्या चुलत घरातला त्यांचा तरुण काका. आजोबा कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून आहेत, पण लक्ष डावाकडे आहे. आजीने पहिल्याच दिवशी दोन अटी घातल्या आहेत: पैसा लावायचा नाही आणि ‘मारले’ हा शब्द उच्चारायचा नाही. सप्त व्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते, हे या घरात लहानपणीच शिकवले जाते. त्यामुळे चौघे केवळ करमणुकीसाठी खेळतात, आणि समोरच्याचे पान निकामी झाले की ‘काढले’ एवढेच म्हणतात.

खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तो बाजारात आणला. मुलांच्या परिचयाची पोकेमॉनची पाने त्यानंतर, १९९६ साली जपानात निघाली. बावन्न पानांचा नेहमीचा कॅट असो वा सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पाने असोत, सर्वांना एकाच ढिगातून पाने वाटली जातात. येथे मात्र प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः जुळवून आणतो. डावाची निम्मी तयारी बसण्यापूर्वीच झालेली असते.

चौघे खेळतात त्या प्रकाराला ‘कमांडर’ म्हणतात. प्रत्येकाच्या कॅटमध्ये १०० पाने असतात. जमिनीची मूळ पाने सोडली तर कोणतेही पान दुसऱ्यांदा घेता येत नाही. प्रत्येकाजवळ आरंभी ४० गुणांचे आयुष्य असते; ते संपले की तो डावाबाहेर जातो आणि शेवटी उरलेला जिंकतो. प्रत्येक पाळीला एक पान उचलायचे व फार तर एक जमीन मांडायची. जमिनींतून शक्ती मिळते आणि त्या शक्तीचे मोल देऊन इतर पाने खेळता येतात. काही पाने मांडल्यावर पटावर टिकून राहतात: प्राणी, वस्तू, मंत्रप्रभाव, ‘प्लेन्सवॉकर’ नावाचे सहायक आणि अर्थात जमिनी. दुसऱ्याची अशी टिकलेली गोष्ट पटावरून काढणाऱ्या पानांना खेळाडू ‘रिमूव्हल’ म्हणतात. त्यांना निवारक पाने म्हणता येईल.

निवारक पाने दोन प्रकारची असतात. काही एकाच कामाची: ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ हे पान एका शक्तीत खेळता येते, पण ते फक्त प्राण्यावर चालते. ‘डिसएन्चंट’ला दोन शक्ती लागतात आणि ते वस्तू किंवा मंत्रप्रभाव काढते, प्राण्यापुढे ते निरुपयोगी. दुसरा प्रकार लवचीक पानांचा. २०११ साली आलेले ‘बीस्ट विदिन’ आणि २०१९ साली आलेले ‘जनरस गिफ्ट’ ही त्याची ठळक उदाहरणे. दोन्हींना तीन शक्ती लागतात, दोन्ही दुसऱ्याच्या पाळीतही खेळता येतात आणि पटावरील जवळजवळ कोणतीही गोष्ट काढू शकतात. बदल्यात ज्याची गोष्ट काढली त्याला तीन ताकदीचा एक प्राणी द्यावा लागतो. पहिल्या पानात श्वापद, दुसऱ्यात हत्ती.

त्या संध्याकाळी थोरल्या नातवाच्या हातात ‘बीस्ट विदिन’ आले होते. पाचव्या पाळीत धाकट्याने दोन ताकदीचा एक लहानसा प्राणी त्याच्यावर सोडला. चाळीसपैकी दोन गुण जाणार होते. परंतु सकाळी सायकलवरून दोघा भावांत खटका उडाला होता, आणि तो राग अजून निवळला नव्हता. थोरल्याने तत्काळ पान टाकले. दोन ताकदीचा प्राणी गेला आणि नियमाप्रमाणे धाकट्याला तीन ताकदीचे श्वापद मिळाले. पुढच्याच पाळीपासून ते थोरल्याच्या अंगावर येऊ लागले.

दोन पाळ्यांनंतर आतेबहिणीने ‘रिस्टिक स्टडी’ हा मंत्रप्रभाव मांडला. त्याचा नियम जकात नाक्यासारखा आहे: इतर कोणी पान खेळले की त्याने एक जादा शक्ती भरावी, न भरल्यास मांडणाऱ्याला एक पान उचलता येते. चौघांच्या डावात ही जकात तीन बाजूंनी येते. प्रत्येक जण घाईत होता, शक्ती भरायला कोणीच तयार नव्हते, आणि आतेबहिणीचा हात भरत गेला. थोरल्याने आपली पाने पुन्हा पुन्हा चाळली. या मंत्रप्रभावाला काढणारे एकमेव पान त्याने दोन गुणांच्या रागापायी आधीच खर्चून टाकले होते. तासाभरात आतेबहीण जिंकली.

डाव मोडल्यावर आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

“तुझे एक पान गेले, धाकट्याचे एक गेले. बाकी दोघांचे काय गेले?”

“काहीच नाही, आजोबा.”

“मग त्या व्यवहारात नफा कोणाला झाला?”

थोरला गप्प राहिला. प्रश्न सोपा होता, परंतु बहुखेळाडूंच्या डावाचे सारे मर्म त्यात होते. दोघांच्याच डावात एकाला एक पान खर्चणे हा बरोबरीचा सौदा असतो: आपले एक गेले, समोरच्याचेही एक गेले, आणि पटावर तिसरा कोणी नसतो. चौघांच्या डावात तोच सौदा दोघांना एकेका पानाने मागे सारतो, आणि उरलेले दोघे काही न करता पुढे जातात. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण येथे अक्षरशः हिशेबाने सिद्ध होते. म्हणून अशा डावात निवारक पान हे शस्त्र समजण्यापेक्षा मर्यादित भांडवल समजावे.

मेंढीकोट खेळलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या खेळात चार दश्श्या मिळवण्याला महत्त्व असते. हातात मांडलेला रंग नसला की हुकमाने कापता येते, मग तो रंग किलवर असो, चौकट असो वा बदाम. हुकूम लवचीक आहे तो याच अर्थाने. तथापि ज्या हातात दश्शी नाही तो मोठ्या हुकमाने कापणाऱ्या गड्याला जोडीदाराचे बोल खावेच लागतात. पान चालते म्हणून टाकायचे नसते. या एका पानावाचून जे वाचवता येणार नाही, त्यासाठी ते असते.

लवचीकपणाची किंमत किती, हे साध्या संभाव्यतेच्या गणिताने काढता येते. शंभर पानांत दहा निवारक पाने ठेवली असे धरू. आरंभी सात पाने हातात असतात; आठव्या पाळीपर्यंत आणखी आठ उचलली जातात, म्हणजे एकूण १५ पाने पाहिली जातात. दहाही पाने लवचीक असतील, तर त्या वेळेपर्यंत त्यांपैकी निदान एक मिळण्याची शक्यता शेकडा ८२ आहे. उलट पाच प्रकारच्या गोष्टींसाठी प्रत्येकी दोन अशी एकमार्गी पाने ठेवली, तर ऐन वेळी हवे असलेल्या प्रकारचे निदान एक पान मिळण्याची शक्यता शेकडा २८ इतकीच उरते. हातात पान असते, पण अडचण दुसरीच असते. गोदामात माल भरलेला असावा आणि गिऱ्हाइकाने नेमकी नसलेली वस्तू मागावी, तशी ही स्थिती होय.

मग दहाही पाने लवचीकच का ठेवू नयेत? कारण लवचीकपणा फुकट मिळत नाही. एका शक्तीऐवजी तीन शक्ती द्याव्या लागतात. पाचव्या पाळीत जमिनी पाच असतील आणि त्यांपैकी तीन या पानासाठी मोकळ्या ठेवल्या, तर स्वतःच्या प्रगतीला दोनच उरतात. व्यापाऱ्याला हे चालू खात्याच्या अनुभवावरून कळते. चालू खात्यातील रक्कम केव्हाही काढता येते, पण तिच्यावर व्याज मिळत नाही. मुदत ठेवीवर व्याज मिळते, पण अडीअडचणीला मोडली तर त्यातील काही भाग सोडावा लागतो. शहाणा व्यापारी सारी रक्कम एकाच जागी ठेवत नाही. त्याच न्यायाने कॅटमध्ये मिश्रण असावे. सर्वांत अधिक उपद्रव प्राण्यांचा होतो, म्हणून स्वस्त व केवळ प्राण्यांवर चालणारी काही पाने असावीत. आणि अनपेक्षित संकटासाठी महाग पण लवचीक अशी काही हाताशी असावीत.

मिळालेले लवचीक पान केव्हा टाकावे, याला तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली: समोरची गोष्ट तशीच राहिली तर आपली पुढची पाळी येण्यापूर्वी डाव हातचा जाईल काय, किंवा आपला जिंकण्याचा मार्गच बंद होईल काय? केवळ चार-दोन गुण जाणार असतील तर ते जाऊ द्यावेत. चाळीस गुणांचे आयुष्य त्यासाठीच दिलेले आहे. दुसरी: ही अडचण स्वस्त, एकमार्गी पानाने निभेल काय? निभत असेल तर लवचीक पान राखावे. तिसरी: हिचा त्रास आपल्याप्रमाणे इतरांनाही होतो काय? होत असेल तर त्यांच्यापैकी कोणी पान टाकण्याचा संभव आहे, आणि थोडे थांबणे लाभाचे ठरते. पान दुसऱ्याच्या पाळीतही खेळता येत असल्याने अखेरच्या क्षणापर्यंत थांबण्याची सोय खेळानेच दिली आहे.

तिसऱ्या कसोटीत मात्र एक धोका दडलेला आहे. बिरबलाच्या गोष्टीतील हौदात प्रत्येकाने, दुसरा दूध ओतेल या भरवशावर, पाणी ओतले आणि सकाळी हौदात निव्वळ पाणी निघाले. डावातही प्रत्येक जण दुसऱ्याच्या पानाची वाट पाहत राहिला तर तिघेही बुडतात. म्हणून पाळीचा क्रम ध्यानात ठेवावा. धोका प्रत्यक्ष कोसळण्यापूर्वी ज्याला शेवटची संधी आहे, जबाबदारी त्याची. तो आपणच असू तर कुरकुर न करता पान टाकावे.

थांबण्याच्या या काळात बोलण्याला बंदी नाही, आणि कुशल खेळाडू तेथेच अधिक मिळवतो. “ही जकात मी बंद करतो; दोन पाळ्या माझ्यावर कोणी चाल करू नये,” असा प्रस्ताव मांडता येतो. खेळाचे नियम असा करार पाळायला कोणाला भाग पाडत नाहीत. करार टिकतो तो केवळ शब्दावर. ज्याने मागच्या डावात शब्द मोडला, त्याच्याशी पुढच्या डावात कोणी सौदा करत नाही. बाजारात ज्याला पत म्हणतात तीच ही. ती कॅटमध्ये घालून आणता येत नाही.

आणखी दोन गोष्टी नवख्याच्या लक्षात येत नाहीत. पहिली ही की, या प्रकारात प्रत्येकाचा एक म्होरक्या असतो आणि तो काढला तरी दोन शक्ती जादा देऊन पुन्हा मांडता येतो; दर वेळी हा भार दोनांनी वाढतो. म्हणजे म्होरक्यावर टाकलेले पान त्याला कायमचे घालवत नाही, फक्त त्याच्या मालकाचा वेळ आणि शक्ती खाते. तेवढ्या वेळात स्वतः जिंकता येत असेल तरच तो खर्च योग्य. दुसरी ही की, लवचीक पान स्वतःच्या गोष्टीवरही टाकता येते. हल्ला अंगावर आला असताना आपलीच एखादी निरुपयोगी वस्तू काढून तीन ताकदीचा रक्षक उभा करणे, हा ‘बीस्ट विदिन’चा उत्तम उपयोग आहे. तसेच आपला बलिष्ठ प्राणी जाणारच असेल, तर ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ त्याच्यावर टाकून त्याच्या ताकदीइतके आयुष्य पदरात पाडून घेता येते. बुडीत जाणाऱ्या मालाचे जे मिळेल ते वसूल करावे, असाच हा व्यवहार आहे.

राहिला प्रश्न बदल्यात द्याव्या लागणाऱ्या प्राण्याचा. थोरल्याला तेच सलत होते. “काढायचे आणि वर भेटही द्यायची, हे कसले पान?” त्यावर उत्तर आजोबांऐवजी तरुण काकाने दिले. “आपल्या दोन घरांमधली भिंत आठव,” एवढेच तो म्हणाला.

ती भिंत दोन्ही घरांना चांगलीच आठवते. आजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ यांच्यात दुकानांमधील सामाईक भिंतीवरून नऊ वर्षे दावा चालला. तारखेला दोघेही दुकान बंद करून जात. तेवढ्या काळात समोरच्या ओळीत तिसऱ्याचे नवे दुकान उभे राहिले आणि दोघांचीही निम्मी गिऱ्हाइके तिकडे वळली. शेवटी प्रकरण लोकअदालतीत ठेवले गेले. आजोबांनी मागच्या अंगाची चार फूट जागा सोडली, भावाने भिंतीवरचा हक्क सोडला. लोकअदालतीचा निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. सोडलेली चार फूट जागा म्हणजे या खेळातला तीन ताकदीचा प्राणी. दिली तेव्हा ती डोळ्यांना खुपली. पण नऊ वर्षांच्या तारखांपुढे तिचे मोल अल्पच होते. आज त्या भिंतीत दार आहे, आणि त्याच दारातून काका खेळायला येतो.

आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “चार फूट पहिल्याच वर्षी द्यायला हवे होते.”

घरातील वडीलधाऱ्यांनी खर्चाची बाजूही पाहावी. या खेळाची पाने बंद पाकिटांत विकली जातात. आत काय निघेल हे फोडल्यावरच कळते. हव्या त्या एका पानासाठी पाकिटामागून पाकीट फोडत जाणे हे सोडतीच्या वाटेवरचे पाऊल होय, आणि मुलांना ते वेळीच दाखवून द्यावे. २०११ पासून कमांडरसाठी शंभर पानांचे तयार कॅट कंपनीकडूनच निघतात. त्यांत कोणती पाने आहेत हे घेण्यापूर्वी समजते आणि लवचीक निवारक पानेही बहुधा असतात. असा एक कॅट घ्यावा आणि उणे असलेले पान सुटे विकत घ्यावे. वर्षाची रक्कम आधी ठरवून वहीत लिहून ठेवली, तर खेळ खेळच राहतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरंजी पुन्हा पडली. थोरल्याच्या हातात या वेळी ‘जनरस गिफ्ट’ होते. धाकट्याचे प्राणी येत राहिले. थोरल्याचे चाळीस गुण एकतीस झाले, मग सव्वीस. त्याने ओठ आवळून घेतले, पण पान टाकले नाही. आतेबहिणीने जकात नाका पुन्हा मांडला, तेव्हा त्याने आधी काकाकडे आणि मग भावाकडे पाहिले. “मी काढतो. दोन पाळ्या माझ्यावर चाल नको.” दोघांनी मान डोलावली, आणि आतेबहिणीला तिचा हत्ती मिळाला. धाकट्यानेही शब्द पाळला.

त्या डावात थोरला जिंकला नाही; काका जिंकला. मात्र शेवटच्या दोघांपर्यंत थोरला टिकला, आणि उठताना त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. सायकलचा विषय पुन्हा निघाला नाही.

आजीने कुंथलगिरीच्या खव्याचा पेढ्यांचा डबा उद्या सकाळी उघडायचा म्हणून फडताळात ठेवला. आजोबांनी थोरल्याचा कॅट मागून घेतला, चष्मा लावला आणि पाने एकेक करून दोन ढिगांत टाकू लागले.

“निवारक पाने दहा,” मोजून झाल्यावर ते म्हणाले. “आता बाकीची नव्वद काय कामाची आहेत, ते उद्या मला नीट समजावून सांग.”